ठिपका इथे, भोक तिथे : लेसर बोअर साइटविषयी वाचकांचे प्रश्न

रायफलीवर नवी दुर्बीण बसवण्याविषयी या सदरात मागे लिहिले, तेव्हा लेसर बोअर साइटचा, म्हणजे बंदुकीच्या नळीत किंवा तोंडावर लावून नळी कोठे रोखली आहे ते ठिपक्याने दाखवणाऱ्या उपकरणाचा, विषय मी एका वाक्यात उरकला होता. त्या वाक्याने इतकी पत्रे ओढून आणली, की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. बहुतेक पत्रांतील तक्रार एकच आहे : लेसरने साइट (नेम धरण्याचे साधन) अगदी बरोबर जुळवली, तरी गोळी ठिपक्यावर लागत नाही. प्रश्न थोडक्यात आणि उत्तरे जरा ऐसपैस देत आहे.

प्रश्न : नव्या रायफलीवर दुर्बीण बसवली. तिचा मध्य नळीच्या मध्यापासून ३८ मिलिमीटर वर आहे आणि गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ८०० मीटर आहे. बसवणाऱ्याने २५ मीटरवर लेसरच्या ठिपक्यावर दुर्बिणीतील फुली आणून दिली आणि "रायफल झिरो झाली" असे सांगितले. १०० मीटरवर मात्र पाच गोळ्यांचा ग्रुप साडेपाच सेंटिमीटर वर आणि तीन सेंटिमीटर डावीकडे पडला. दोष रायफलीचा, दुर्बिणीचा की लेसरचा?

उत्तर : तिघांचाही नाही. दोष "झिरो झाली" या दोन शब्दांचा आहे; झिरो म्हणजे ठरल्या अंतरावर गोळी नेमक्या फुलीवर लागणे. लेसर बोअर साइट एकच गोष्ट सांगू शकते, ती म्हणजे स्थिर ठेवलेल्या, रिकाम्या रायफलीची नळी या क्षणी कोठे रोखलेली आहे. गोळी कोठे लागेल हे तिला ठाऊक नसते, कारण गोळी नळीतून जात असताना नळी स्थिर राहत नाही आणि नळीबाहेर पडल्यापासून गोळी सरळ रेषेत जात नाही.

आपलेच आकडे घेऊन हिशेब मांडू. दुर्बिणीची दृष्टिरेषा नळीच्या रेषेहून ३८ मिलिमीटर वरून निघते आणि तिरपी उतरत २५ मीटरवर तिला छेदते, कारण तेथे आपण दोन्ही एका बिंदूवर आणल्या आहेत. छेदल्यावर दृष्टिरेषा थांबत नाही. त्याच उताराने ती पुढे नळीच्या रेषेखाली जाते आणि उरलेल्या ७५ मीटरांत तिप्पट, म्हणजे ११४ मिलिमीटर खाली पोहोचते. या काळात गोळीही पडत असते. पहिल्या २५ मीटरांत ती जेमतेम ५ मिलिमीटर पडते, पण १०० मीटर गाठेपर्यंत हवेचा अडथळा धरून सुमारे ८० मिलिमीटर. दृष्टिरेषा ११४ खाली आणि गोळी ८० खाली, म्हणजे गोळी दृष्टिरेषेच्या ३४ मिलिमीटर वर. सर्व काही निर्दोष असते, तरी १०० मीटरवर आपला ग्रुप साडेतीन सेंटिमीटर वरच पडायला हवा होता.

राहिली वरची दोन आणि डावीकडची तीन सेंटिमीटर. १०० मीटरवरचे तीन सेंटिमीटर म्हणजे २५ मीटरवरचे साडेसात मिलिमीटर. एवढ्या अंतरावर या उपकरणांचा ठिपका बहुधा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद झालेला असतो, आणि तोही गोल असतोच असे नाही; पुष्कळदा आडव्या जोंधळ्याच्या दाण्यासारखा दिसतो. त्याचा मध्य नजरेने ठरवताना साडेसात मिलिमीटरची चूक सवयीच्या माणसाचीही होते. त्यात लेसर नळीत केसभर तिरका बसणे, बारुदाच्या दाबाने नळीला कंप सुटणे आणि गोळी बाहेर पडण्याआधीच रायफल मागे सरकू लागणे यांची भर पडते. हे सर्व पाहता आपला ग्रुप मला समाधानकारक वाटतो. पहिली गोळी कागदावर आणून देणे हे बोअर साइटचे काम आहे, आणि ते तिने चोख केले आहे. आता १०० मीटरवरच, दुर्बिणीचा क्लिक, म्हणजे कळीचा एक खटका, पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) असल्यास, सात-आठ क्लिक खाली आणि चार क्लिक उजवीकडे देऊन पुन्हा पाच गोळ्यांचा ग्रुप घ्यावा.

प्रश्न : फुली ठिपक्याच्या वर दिसत होती, म्हणून दुर्बिणीच्या वरच्या कळीवर "डाउन" लिहिलेल्या बाजूने फिरवले, तर फुली आणखी वर गेली. कळ उलटी बसवली गेली आहे का?

उत्तर : कळ सुलटी आहे. कळीवरचे बाण गोळी कोणत्या बाजूला सरकेल ते सांगतात, फुलीविषयी काही सांगत नाहीत. लक्ष्यावर फुली खाली आणायची म्हणजे नळी तिच्या तुलनेत वर उचलायची, आणि त्यासाठी "अप"कडेच फिरवावे लागते. गोळी मारून दुरुस्ती करणाऱ्याला हा बाण सरळ वाटतो, लेसरवर काम करणाऱ्याला तोच उलटा वाटतो. मी स्वतः इतकी वर्षे हे करूनही पहिला क्लिक देताना क्षणभर थबकतो.

याच पत्रलेखकांनी पुढे असेही लिहिले आहे, की २५ मीटरवर चार सेंटिमीटरचा फरक होता म्हणून सहा क्लिक दिले आणि फुली जागची हललीच नाही असे वाटले. पाव मिनिटाचा क्लिक १०० मीटरवर सुमारे ७.३ मिलिमीटर सरकवतो. २५ मीटरवर तोच क्लिक त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे १.८ मिलिमीटर. चार सेंटिमीटरांसाठी बावीस क्लिक लागतात. दुर्बीण मिलिरेडियनची (कोनाचे दुसरे माप) असेल, तर तिचा ०.१ चा क्लिक १०० मीटरवर १० मिलिमीटर आणि २५ मीटरवर अडीच मिलिमीटर, हे तोंडी हिशेबाला सोपे पडते.

प्रश्न : काडतुसाच्या आकाराचा लेसर चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) घातला की दर वेळी ठिपका थोडा निराळ्या जागी पडतो. उपकरण टाकून द्यावे का?

उत्तर : टाकण्यापूर्वी एक चाचणी करावी. रायफल वाळूच्या पिशव्यांवर किंवा पक्क्या टेकूवर अशी ठेवावी, की बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडला-लावला तरी ती हलणार नाही. समोर कागद लावावा. लेसर-काडतुसाच्या बुडावर कडेला पेनाने एक खूण करावी आणि ती खूण घड्याळाच्या बारावर ठेवून काडतूस आत घालावे, ठिपक्याच्या मध्यावर कागदावर १ असा आकडा लिहावा. मग खूण तीनवर, सहावर आणि नऊवर ठेवून २, ३, ४ हे आकडे लिहावेत. हा फेरा आणखी दोनदा करावा.

आता कागदाकडे पाहावे. तीनही फेऱ्यांत १ च्या जवळ १, २ च्या जवळ २ असे आकडे पडले असतील, तर उपकरण विश्वासाचे आहे. त्यातील किरण फक्त कवचाच्या मध्यातून तिरका निघतो आहे. चार ठिकाणे एका वर्तुळावर असतील आणि समोरासमोरच्या ठिकाणांना जोडणाऱ्या दोन रेषा जेथे छेदतील, तेथे नळी खरोखर रोखलेली आहे. फुली त्या छेदावर आणावी आणि ठिपक्याकडे दुर्लक्ष करावे. माझ्या जवळच्या एका उपकरणाचे असे वर्तुळ २५ मीटरवर आठ सेंटिमीटर व्यासाचे निघाले होते. कोणताही एक ठिपका खरा मानला असता, तर केंद्रापासून चार सेंटिमीटरची ती चूक १०० मीटरवर सोळा सेंटिमीटर झाली असती, आणि तरीही तेच उपकरण मी पुढे बरीच वर्षे वापरले, कारण ते दर वेळी तेवढेच आणि त्याच दिशेने चुकत असे.

याउलट १ हा आकडा तीन फेऱ्यांत तीन दिशांना पडला, तर काडतूस चेंबरमध्ये सैल बसते आहे, आणि त्यावर उपाय नाही. अशा वेळी चेंबर आधी साफ करून पाहावे, एवढेच सुचवतो. काजळीचा एक कण पुरतो. नळीच्या तोंडात दांडी खुपसून लावायचे लेसरही असेच फिरवून तपासता येतात. दांडी घालताना मात्र ती ठोकू किंवा घासू नये. नळीच्या तोंडाची कड म्हणजे गोळीचा नळीशी शेवटचा स्पर्श, आणि तिच्यावरचा एक चरा सगळ्या लेसरांनी मिळून सुधारत नाही. चुंबकाने तोंडावर चिकटणारे प्रकार नळीला इजा करत नाहीत, पण तोंडाचा पृष्ठभाग नळीच्या आसाशी काटकोनात नसला तर त्यांचा ठिपका तेवढाच तिरपा पडतो.

प्रश्न : लेसर विकत घेण्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : ज्या रायफलीचा बोल्ट मागून बाहेर निघतो, तिला नाही. बोल्ट काढावा, रायफल टेकूवर ठेवावी आणि मागून नळीतून पाहत ५० मीटरवरचे काळे वर्तुळ नळीच्या गोल झरोक्यात मधोमध आणावे. गोलात गोल मधोमध बसवण्याचे काम डोळा आश्चर्यकारक अचूकतेने करतो. मग रायफलीला धक्का न लावता दुर्बिणीतून पाहत फुली त्याच वर्तुळावर आणावी. लेसर निघण्यापूर्वी सगळे हेच करत होते. अर्धस्वयंचलित आणि लिव्हरच्या रायफलींत बहुधा मागून नळीत डोकावता येत नाही, तेथे लेसरला पर्याय कमी.

प्रश्न : माझे रिव्हॉल्व्हर १५ मीटरवर अचूक मारते. कुतूहल म्हणून लेसर-काडतूस घातले, तर साइट मध्यावर धरूनही ठिपका चार-पाच बोटे खाली दिसला. आता साइट बदलू का?

उत्तर : कृपया हात लावू नका. आलेल्या पत्रांत मला सर्वांत आवडलेला प्रश्न हा, कारण लेसर आणि गोळी यांतील फरक रिव्हॉल्व्हरमध्ये उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. रिव्हॉल्व्हर रिकामे करून, चक्री उघडून सहाही घरे पाहून घ्यावीत, आणि ते बाजूने डोळ्याच्या पातळीवर धरावे. पुढची साइट, जिला जुने लोक माशी म्हणतात, मागच्या साइटपेक्षा नळीच्या आसापासून जास्त उंच असल्याचे दिसेल. दोन्ही साइट एका पातळीत धरल्या, की नळी अर्थातच खाली झुकते. ही चूक नाही. कारागिराने ती मुद्दाम ठेवलेली असते.

कारण असे, की नळी मुठीच्या वर असते. बार उडाल्या क्षणापासून मागे येणारा जोर मुठीच्या वरून ढकलतो आणि हत्याराचे तोंड वर उचलते. गोळी नळीत असते तो काळ एका मिलिसेकंदाच्या आसपासचा, पण तोंड वर उचलले जाणे त्याच काळात सुरू झालेले असते. गोळी बाहेर पडते तेव्हा नळी लेसरने दाखवलेल्या जागेकडे नव्हे, तर त्याहून वर पाहत असते. त्यामुळेच जवळच्या अंतरावर जड आणि संथ गोळी हलक्या, वेगवान गोळीपेक्षा पुष्कळदा वर लागते : संथ गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते आणि तोवर तोंड आणखी वर गेलेले असते. नवशिक्याला हे सांगितले की तो आधी हसतो.

आपण ठिपक्याप्रमाणे साइट बदलल्या असत्या, तर नेमकी उलटी गोष्ट होऊन गोळ्या चार-पाच बोटे वर लागू लागल्या असत्या. पिस्तुलात हा परिणाम कमी असतो, पण असतो. शिवाय अनेक पिस्तुलांत साइट स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) आणि नळी आत वेगळी असते, तेव्हा नळी आपल्या जागी पूर्ण बसली आहे की नाही यावरही ठिपका हलतो. आखूड हत्यारांत लेसरचा उपयोग मी डाव्या-उजव्याचा ढोबळ अंदाज घेण्यापुरता आणि चाप दाबताना हात किती हलतो ते पाहण्यापुरता करतो. यांतल्या दुसऱ्या कामासाठी लेसर-काडतुसापेक्षा सरावासाठी बनवलेली, चाप पडला की क्षणभर लुकलुकणारी काडतुसे बरी.

प्रश्न : फुली ठिपक्यावर आणताना आडव्या दिशेचे क्लिक संपले. पुढे काय करावे?

उत्तर : कळ आणखी पिळू नये. क्लिक संपतात तेव्हा दुर्बीण आणि नळी यांतील तिढा बहुतेक वेळा दुर्बीण ज्यांत बसते त्या खालच्या तळपट्टीत किंवा कड्यांत असतो, दुर्बिणीत नव्हे. आधी दुर्बीण मध्यावर आणावी, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजून निम्म्यावर परत यावे. टोकाला जोर लावू नये. मग तळपट्टीचे स्क्रू सोडून, जागा पुसून, पट्टी सरळ बसली आहे का ते पाहावे. कडी पुढची-मागची अदलाबदल करूनही कधी कधी तिढा निघतो. बोअर साइटची खरी कमाई मला येथे दिसते. एकही काडतूस न उडवता, घरातल्या घरात, दुर्बीण चुकीची बसली आहे हे कळते. फुली मध्यावर असताना ठिपका तिच्या जवळपास पडेल इतके बसवणीचे काम नीट झाले, तरच कळींना हात लावावा.

प्रश्न : लाल लेसर घ्यावा की हिरवा?

उत्तर : खोलीत आणि संध्याकाळी लाल पुरतो. भर उन्हात लाल ठिपका २५ मीटरवर शोधताना डोळे शिणतात. माणसाचा डोळा दिवसा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, त्यामुळे तेवढ्याच शक्तीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ठिपका ६५० नॅनोमीटरच्या लाल ठिपक्यापेक्षा सुमारे आठपट उजळ वाटतो. हिरव्याचे उणेही आहे : काही प्रकार थंडीत मंदावतात. लाल असेल तर कागदाऐवजी परावर्तक पट्टी लावावी. ती प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते, आणि आपला डोळा नळीच्या जवळच असल्याने ठिपका ठळक दिसतो. ५ मिलिवॉटपर्यंतचे लेसर या उपकरणांत सर्रास येतात. त्यांच्याकडे थेट पाहू नये, आणि लक्ष्याच्या मागे काच, आरसा किंवा चकचकीत पत्रा ठेवू नये. दुर्बीण लावलेली असताना हे दुप्पट पाळावे.

प्रश्न : साध्या लोखंडी साइटसाठी लेसर वापरला. ठिपका माशीच्या उजवीकडे आहे. कोणती साइट कोणीकडे सरकवू?

उत्तर : नेम मध्यावर असताना ठिपका उजवीकडे, म्हणजे नळी उजवीकडे रोखलेली आहे आणि गोळ्या उजवीकडे जातील. त्या डावीकडे आणायच्या, तर मागची साइट डावीकडे सरकवावी. मागची साइट गोळीला जिकडे न्यायचे तिकडे जाते; पुढची उलट, गोळी पडते आहे त्या बाजूला जाते. किती सरकवायची, हेही मोजता येते : लक्ष्यावरचा फरक गुणिले दोन साइटमधील अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर, सगळे एकाच मापात. दोन साइटमध्ये ६०० मिलिमीटर आणि २५ मीटरवर ५० मिलिमीटरचा फरक असेल, तर सरकवणूक १.२ मिलिमीटर येते. खाचेत बसवलेली साइट हातोडीने सरकवणारे हा आकडा काढत नाहीत, आणि मग एका ठोक्यात डावीकडून उजवीकडे, दुसऱ्यात पुन्हा डावीकडे अशी तिची ये-जा चालते. हातोडी पितळी असावी आणि ठोकण्याआधी जुन्या जागेवर पेन्सिलची रेघ मारावी. उंचीसाठी माशी कानशीने घासायची असेल, तर ती लेसरच्या भरवशावर कधीही घासू नये. घासलेले लोखंड परत येत नाही, तेव्हा आधी गोळ्या मारून खात्री करून घ्यावी.

प्रश्न : बोअर साइट वापरताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : हा प्रश्न एकाच पत्रात आला. तो प्रत्येक पत्रात असायला हवा होता, असे वाटून गेले.

एका सराव शिबिरात माझ्या शेजारच्या ओट्यावरील नेमबाजाने बोअर साइटिंग संपवले, बोलता बोलता मॅगझिन लावले आणि रायफल खांद्याला लावली. "फायर"चा हुकूम येण्यापूर्वी मागे उभ्या असलेल्या एका मुलाने विचारले, की यांच्या टार्गेटवर लाल ठिपका का दिसतो? लेसरची दांडी अजून नळीच्या तोंडातच होती. नळीत अडथळा असताना गोळी सुटली, तर मागचा दाब नळी फाडू शकतो, आणि डावा हात तिच्यापासून दूर नसतो. तो ठिपका लाल होता आणि आभाळ भरून आले होते, म्हणून तो दिसला. लख्ख उन्हात दिसला नसता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी मॅगझिन काढायचे, चेंबर डोळ्याने पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. खरी काडतुसे त्या टेबलावर तर नकोतच, शक्यतो त्या खोलीतही नकोत. काडतुसाच्या आकाराचा लेसर खऱ्या काडतुसांच्या डब्यात पडणे ही वाटते तितकी अशक्य गोष्ट नाही. लेसरच्या खोक्याचे झाकण उघडे ठेवून ते समोर ठेवायचे, आणि उपकरण त्या खोक्यात परत जाऊन झाकण बंद झाल्याशिवाय काडतुसांचा डबा उघडायचा नाही. शेवटी नळीतून आरपार उजेड पाहायचा. काम करताना नळी जिकडे रोखली आहे तिकडे, भिंतीपलीकडेही, माणूस असता कामा नये. हत्यार रिकामे आहे हे आपल्याला माहीत असले तरी हा नियम सुटत नाही.

प्रश्न : नळी मोडून भरायच्या एअर रायफलीला बोअर साइट चालते का? १० मीटरच्या स्पर्धेसाठी उपयोग होईल का?

उत्तर : स्पर्धेसाठी नाही. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. लेसरचा ठिपका त्या छर्‍याहूनही मोठा. शिवाय सेकंदाला १७० मीटर वेगाचा छर्रा दहाच मीटरांत सुमारे १७-१८ मिलिमीटर पडतो. मोडत्या नळीच्या रायफलीत मात्र एका तपासणीसाठी लेसर उपयोगी पडतो. यांपैकी पुष्कळ रायफलींची नळी वरच्या दुर्बीणपट्टीच्या तुलनेत थोडी खाली झुकलेली असते, त्यामुळे दुर्बिणीचे वरचे क्लिक संपतात आणि छर्रे खालीच लागतात. तो झोक किती आहे हे लेसर लगेच दाखवतो, आणि मग उतरती पट्टी घ्यावी की नाही ते ठरवता येते. नळी दहा वेळा मोडून-मिटवून ठिपका त्याच जागी परत येतो का, हेही पाहून घ्यावे. येत नसेल तर बिजागरी किंवा कुलूप सैल आहे. अनेक संचांतील सर्वांत लहान दांडी ५.६ मिलिमीटरच्या नळीची असते आणि ती ४.५ मिलिमीटरच्या नळीत जात नाही, हे घेण्यापूर्वी तपासावे.

प्रश्न : रायफल एकदा व्यवस्थित झिरो झाली, की बोअर साइट कपाटात ठेवावी का?

उत्तर : उलट, माझ्या मते तिचा सर्वांत चांगला उपयोग तेव्हा सुरू होतो. रायफल गोळ्या मारून पूर्ण झिरो झाल्यावर, त्याच दिवशी, कळींना हात न लावता लेसर लावावा, १० किंवा २५ मीटर असे एकच मोजलेले अंतर ठरवावे आणि चौकटीच्या कागदावर फुली एका चौकटीच्या कोपऱ्यावर धरून ठिपका कोठे पडतो ते टिपून ठेवावे. तो फुलीवर पडणार नाही, आणि पडावा अशी अपेक्षाही नाही. कागदावर तारीख, अंतर, वापरलेली दांडी, लेसरवरची खूण घड्याळाच्या कितीवर होती आणि दुर्बिणीचा झूम कितीवर होता, एवढे लिहावे.

पुढे रायफल प्रवासात आपटली, दुर्बीण उतरवून पुन्हा चढवली किंवा एखादा दस्त्याचा स्क्रू सैल आढळला, तर तोच कागद तेवढ्याच अंतरावर लावून पाहावे. ठिपका जुन्या खुणेवर आला, तर बसवणी हललेली नसण्याची शक्यता मोठी, आणि दोन-तीन गोळ्यांत खात्री होते. तो सरकलेला दिसला, तर क्लिक देण्याआधी कड्यांचे, तळपट्टीचे आणि दस्त्याचे स्क्रू पाहावेत. माझ्या एका रायफलीत असा ठिपका दोन बोटे सरकलेला दिसला, तेव्हा मी तासभर दुर्बीण खोलून पाहत बसलो होतो. सैल निघाला तो दस्त्याचा पुढचा स्क्रू, जो सर्वांत आधी पाहायचा असतो.